गुणवंतरावांनी ‘मिटवा’ दाबलं

चामोर्शीच्या बाजाराला सायकलनं जाता येईल इतक्या अंतरावरच्या एका गावात गुणवंतराव भांडेकरांना कोणी नावानं हाक मारत नाही. ते तंटामुक्त गाव समितीचे अध्यक्ष, म्हणून सगळ्यांचे ‘अध्यक्ष’. धानाच्या शेतातला बांध, म्हणजे बांधीचा धुरा, कोणी कोरला, तळ्यातल्या मासोळीच्या वाट्यावरून दोन घरं बोलेनाशी झाली, कोणाची सून रुसून माहेरी गेली, की माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात आणि म्हणतात, अध्यक्ष, येवढं मिटवा. आडनाव भांडेकर आणि धंदा भांडणं मिटवायचा, अशी गावात थट्टा चालते. तेही मिशीत हसतात.

त्यांची थोरली बहीण गोकुळाबाई नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच राहते. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती बांधीतल्या चिखलाच्या गाऱ्यात उतरली की बाकीच्या बाया आपोआप तिच्यामागं सूर धरत. इतकी गाणी तिच्यापाशी कुठून आली हे तिलाही सांगता येत नसे. एका पावसाळ्यात गुणवंतरावांनी धुऱ्यावर उभं राहून ती सगळी मोबाईलमध्ये भरून घेतली. मोबाईल गच्च झाला, तेव्हा भाची रंजीतानं नागपुरावरून आणून दिलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये टाकली आणि मोबाईल रिकामा केला.

पुढच्या दिवाळीत गोकुळाबाईला लकवा मारला. उजवा हात गेला, आणि बोलणंही गेलं. काही सांगायला तोंड उघडलं की नुसतं ‘न, न’ निघे आणि ती चिडून भिंतीकडं वळे. तेव्हापासून रोज दिवेलागणीला गुणवंतराव लॅपटॉप तिच्या खाटेशी ठेवून तिचीच गाणी तिला ऐकवत. ती डोळे मिटून ऐके. दिवसभरात ती वाट बघे ती एवढ्याचीच.

लॅपटॉप मात्र म्हातारा झाला होता. सुरू व्हायला इतका वेळ घेई की गोकुळाबाई डाव्या हातानं खाटेच्या कडेची लाकडी पाटी वाजवू लागे. एका बाजाराच्या दिवशी चामोर्शीत चंद्रपूरची काही मंडळी टेबल मांडून बसली होती. जुन्या यंत्रात विंडोजपेक्षा हलकं लिनक्स टाका, फुकट आहे, मराठीत आहे, असं ती सांगत होती. त्यांचा पुढारी धनराज, छापखान्यात अक्षरजुळणी करणारा. त्यानं गुणवंतरावांना पेनड्राइव्ह दिला, मोबाईलवरच्या गटात घेतलं, आणि अडलं तर तिथं विचारा म्हणाला.

गुणवंतरावांचं कुठंच अडलं नाही. घोटाळा झाला तो त्यामुळंच. घरी पेनड्राइव्ह लावून, चष्मा पुसून ते एकेक ओळ वाचत गेले. एका ठिकाणी यंत्रानं विचारलं की आत आधीच एक विंडोज आहे, मग नवीन तिच्या शेजारी बसवू, की डिस्क मिटवून बसवू? गुणवंतराव थांबले. असा प्रश्न त्यांच्यापुढं नेहमीच येई. दोन पार्ट्यांना शेजारी बसवलं की काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? धुसफूस आत राहते आणि पुढच्या हंगामात काठ्या निघतात. त्यापेक्षा एकदाच मिटवलेलं बरं. त्यांनी ‘मिटवा’ दाबलं. हा बदल कायमचा होईल, पुढं जायचं का, असं यंत्रानं पुन्हा विचारलं. कायमचा मिटणारा तंटा त्यांना फार क्वचित भेटला होता. त्यांनी ‘हो’ म्हटलं.

नवा पडदा निळा, झगझगीत उघडला. चहा होण्याआधीच लॅपटॉप सुरू झाला म्हणून ते खूश झाले. मग त्यांनी गाणी उघडायला घेतली. ‘संगीत’ नावाचा कप्पा होता. त्यात काही नव्हतं. दुसऱ्या कप्प्यात काही नव्हतं. कुठंच काही नव्हतं. आतून गोकुळाबाईनं खाटेची पाटी वाजवली.

त्यांनी गटावर लिहिलं की जुनं सामान दिसत नाही, मी मिटवा दाबलं होतं. एकानं हसरे चेहरे टाकून लिहिलं, अध्यक्षांनी विंडोजचा तंटा मुळापासून मिटवला. गुणवंतरावांनी खाली गाण्यांचं आणि बहिणीचं लिहिलं. मग कोणी हसलं नाही. थोड्या वेळानं धनराजचा फोन आला.

“भाऊ, आधी बंद करा तो. आता काहीच करू नका त्याच्यावर. तसाच घेऊन या.”

त्या संध्याकाळी ते गोकुळाबाईच्या खाटेशी बसले. लॅपटॉप बिघडला म्हणाले. तिनं बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

सकाळच्या एसटीनं ते मूल गावावरून चंद्रपूरला गेले. लॅपटॉप दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. धनराजनं छापखान्याच्या मागच्या खोलीत तो उघडला, पेनड्राइव्हवरूनच चालू केला, आणि पुसलेल्या डिस्कवरचे तुकडे वेचणारा एक प्रोग्राम लावून दिला. ते चालू असताना त्यानं विचारलं, “भाऊ, येवढं मोठं लिहून होतं, तरी मिटवा काऊन दाबलं?”

“मिटवा म्हणजे मिटवा,” गुणवंतराव म्हणाले. “दोघायचं जमत नाई, त मिटवाले नको?”

धनराजनं खुर्ची मागं सरकवली.

“तो शब्द मायाच आहे, भाऊ,” तो म्हणाला. “यंत्रातलं हे मराठी आमीच करतो, घरी बसून. आधी ‘पुसा’ लिहिलं होतं. मंग वाटलं, आपल्याकडं पुसणं म्हणजे इचारणं; माणूस म्हणन, डिस्कले काय पुसू? तिचं नाव, का गाव? म्हणून मिटवा केलं.”

आपण वाचलेला शब्द कोणी माणसानं लिहिला असेल आणि तो माणूस असा समोर बसलेला असेल, हे गुणवंतरावांच्या मनातही आलं नव्हतं. यंत्राची भाषा यंत्रच बोलतं अशी त्यांची समजूत होती. रागवावं तर कोणावर? रोज तंटे ऐकणाऱ्या त्या माणसाला या तंट्यात दुसरी पार्टी सापडेना. धनराज खाली मान घालून विचारत होता की काय लिहू, तुमीच सांगा. गुणवंतराव म्हणाले, सरळ लिही, आतलं सगळं जाईल, वापस येणार नाही. धनराजनं तिथंच ते लिहून लिनक्सवाल्यांना पाठवून दिलं.

दुपार कलल्यावर तुकडे मिळाले. नावं नव्हती, क्रम नव्हता. धनराजनं एकेक वाजवून पाहिलं. कुठं नुसता पाण्याचा आवाज, कुठं हसणाऱ्या बाया, कुठं गाणं सुरू होऊन मध्येच कापलेलं.

“पुरं एकबी नाई, भाऊ,” तो म्हणाला.

गुणवंतराव परत आले तेव्हा दिवेलागणच होती. गोकुळाबाईनं दुपट्टा पाहिला आणि उठून बसायची धडपड केली. ही अर्धी गाणी तिला ऐकवावीत की नाही हे त्यांना कळेना. पण तिची नजर हलेना. त्यांनी लॅपटॉप खाटेशी ठेवला आणि त्यातल्या त्यात लांब तुकडा लावला.

*बांधीत उभी मी बाई, पाय माये गाऱ्यात,*
*डोये माये लागले…*

आणि आवाज तुटला. गुणवंतरावांनी मान खाली घातली.

*“…भावाच्या वाटंले.”*

त्यांनी आधी लॅपटॉपकडं पाहिलं. पडदा थांबलेला होता. मग त्यांनी बहिणीकडं पाहिलं. तिचं तोंड वाकडं होतं, आवाज चिरका, पण शब्द एकेक स्पष्ट होता. पाणी मागायला ज्या तोंडातून ‘न, न’ निघे, त्याच तोंडातून पुढची ओळ आली, आणि तिच्या पुढची. सगळी गाणी जेव्हा पुरी होती, तेव्हा ती नुसती ऐकत राहिली होती.

“गोकुळाबाई,” ते म्हणाले, “बाई, तुले बोलता येते?”

तिनं बोलायला तोंड उघडलं. “न, न,” एवढंच निघालं. तिलाही धक्का बसला होता. तिनं डावा हात स्वतःच्या ओठांना लावून पाहिला, आणि मग तोच हात लांबवून खाटेची पाटी वाजवली.

गुणवंतरावांनी दुसरा तुटका तुकडा लावला.