अण्णाची फौज आणि आमटीची बादली

महिन्यापूर्वी सकाळी अण्णाच्या नंबरवरून फोन आला आणि मी हॅलोही न म्हणता सुरू झालो, "अण्णा, आता तरी खेळात मला वैद्य कर. ढाल घेऊन मार खायचा कंटाळा आलाय." पलीकडून सुमनवहिनी म्हणाल्या, "भावजी, हे गेले हो. झोपेतच." इतक्या वर्षांच्या नात्यातलं माझं शेवटचं वाक्य असं हट्टाचं निघालं, आणि ते ऐकायलाही अण्णा नव्हता.

परशरामअण्णा माझा आतेभाऊ. त्याचे वडगावात यंत्रमाग, मी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत. संध्याकाळी माग थांबले की साड्यांच्या गठ्ठ्याला पाठ टेकून तो मोबाइल उघडायचा. आमचा ऑनलाइन खेळ पाच जणांनी मिळून लढायचा. एकानं ढाल घेऊन पुढं राहायचं, एकानं वैद्य होऊन पडलेल्यांना उठवायचं, बाकीच्यांनी मारायचं. कोणी काय व्हायचं हे अण्णा ठरवणार. दुसऱ्या फौजा खेळातले गुण बघून ठरवतात, पण अण्णाचा गुणांवर काडीचा विश्वास नव्हता. तो उमेदवाराला पंगतीत वाढायला लावायचा. "हातात बादली आली की माणूस कळतोय रं," असं त्याचं म्हणणं.

पुतणीच्या लग्नात त्यानं मला आणि खानापूरच्या रेणुकाला आमटी वाढायला उभं केलं. रेणुका बँकेत नोकरीला, तेव्हा फौजेत नवी. वैद्य दोघांनाही व्हायचं होतं. मी माझी ओळ वाऱ्यासारखी संपवली आणि बादली आपटून उभा राहिलो. रेणुका अजून अर्ध्यावरच होती. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

अण्णा हात पुसत आला. "फाउंड्रीच्या सायबाला कितीदा वाढलास?"

"तीनदा."

"आणि तुझ्याच ओळीतल्या कडंच्या म्हाताऱ्याला?"

मी ओळीच्या टोकाकडं बघितलं.

"त्येचा भात कोरडाच ऱ्हायला बघ. रेणुका माघारी वळून गेली त्येच्याकडं. तू बी लई कामाचा हैस, पण मार खायाला."

झालं, ती वैद्य आणि मी ढाल. मी आठवडाभर रुसून बसलो. समजूत काढायला अण्णा खव्याचा गोड कुंदा घेऊन आला, अर्धा स्वतःच खाल्ला, पण निर्णय काही बदलला नाही.

त्याच्या बाराव्याला मी वाढायला उभा राहिलो, ते नुसतं बसवत नव्हतं म्हणून. आमटी वाढत गेलो, माघारी फिरलो, पुन्हा गेलो... डोळे भरलेले, कोणाला वाढतोय तेही धड दिसत नव्हतं.

गेल्या रविवारी रेणुकानं फौज पुन्हा जमवली. अण्णाची पाचवी जागा कोणाला द्यायची हा विषय कोणी काढलाच नाही. ढाल तिनं स्वतः घेतली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही वैद्य व्हा."

"आणि परीक्षा?"

"बाराव्याला बघितलं की मी. एक पान कोरडं न्हाय ऱ्हायलं."

इतकी वर्षं मागितलेलं मिळालं आणि मला हुंदका आला. लढाई सुरू झाली. मी धावत धावत तिघांना उठवलं, खेळातलं स्वतःचं रक्त किती उरलंय ते बघायचं विसरलो आणि आडवा झालो. माझ्यामागोमाग सगळेच पडले.

हरलो की अण्णा हेडफोनमधून आमच्या कानात शिव्यांची लाखोली वाहायचा. आम्ही चौघंही तसेच थांबलो. कोणी खेळ बंद करेना... शेवटी रेणुका म्हणाली, "दादा, तुम्ही तरी घाला की एक शिवी."

मी घातली. अण्णासारखी जमली नाही. सगळे हसले, आणि मग कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.