दोन डॉक्टर आणि भीड

ते प्रकरण आठवलं की आजही जिवाची घालमेल होते. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका अस्वस्थ मी क्वचितच झालो असेन. तेव्हा रत्नागिरीजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

सकाळची हजेरी चालू असतानाच फोन आला. नाव सांगायला माणूस तयार नाही. "आरे-वारेच्या अलीकडे कण्हेरीचं कुंपण असलेलं घर हाय ना, तिथली सून सासूला विष घालतेय. अंगणात बिया कुटताना मी डोळ्यांनी बघितलंय." एवढं बोलून ठेवला. निनावी फोनवर मी नाचत नाही. अर्ध्या वेळा मागे बांधाचं भांडण असतं. पण दुपारी इस्पितळातून पोलिसांना द्यायची खबर आलीच. त्याच घरची म्हातारी, उलट्या, नाडी फार मंद, आणि सगळं पिवळं दिसतंय म्हणते.

इस्पितळात पोचताच डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हातारीच्या हृदयाचा ताल बिघडलेला, त्यासाठी मुंबईच्या डॉक्टरने अमायोडॅरोन नावाची गोळी दिलेली. रक्तात मात्र डिगॉक्सिन सापडलं, तेही भरमसाट.

"हेही हृदयाचंच औषध," डॉक्टर म्हणाले, "सुसाट ठोके आवरतं. पण औषध कुठे संपतं आणि विष कुठे सुरू होतं, यात अंतर फार थोडं. जास्त झालं की अन्न नकोसं होतं, पिवळं दिसतं, नाडी बुडते."

"मग दिलं कुणी?"

"आधी गावचे डॉक्टर द्यायचे. मुंबईच्या डॉक्टरने ते बंद करायला सांगितलं आणि मुलाने घरातल्या गोळ्या फेकल्या. आणि साहेब, पिवळ्या कण्हेरीच्या बियांचं विष पोटात गेलं, तरी आमच्या तपासणीत ते डिगॉक्सिन म्हणूनच दिसू शकतं."

मुलगा दारातच उभा होता. "अजून वाट कसली बघताय? आत टाका हिला!" असं तो स्वतःच्या बायकोबद्दल म्हणत होता, आणि ती तिथेच भिंतीला टेकून उभी होती.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. महिला हवालदार आणि पंच घेऊन मी घरी गेलो, पंचनामा केला, खलबत्ता जप्त केला.

"काय कुटत होतीस?"

"रातांब्याच्या बिया. आईंच्या टाचा फुटतात, त्यांना लावायला कोकमाचं तेल काढायचं होतं."

"आणि कुंपणाची ती पिवळी कण्हेर?"

"ती त्यांच्या देवाची फुलं. मी हात पण लावत नाय." मग एकदम उसळली. "अंघोळीचं पाणी मी काढते, जेवण मी वाढते, गोळी मी देते. म्हणून विष पण मीच घातलं असणार, नाय का?"

खोटं बोलणारा माणूस पोलिसाला खूश ठेवायला बघतो. ही तर माझ्यावरच भडकली होती. पण राग म्हणजे पुरावा नव्हे. ठाण्याबाहेर नातेवाईक जमलेले, वरिष्ठांचे फोनवर फोन. मला खुर्चीत बसवेना. अटक केली तर पुढे निर्दोष सुटूनही तिच्या कपाळावरचा डाग जाणार नाही. नाही केली आणि म्हातारी दगावली तर? समोरचा चहा तसाच गार झाला.

शेवटी उठलो आणि गावच्या डॉक्टरांकडे गेलो. घरात सासूसुनेचं भांडण आहे का, एवढंच विचारायचं होतं.

"छे हो. आणि गेल्याच आठवड्यात आजी स्वतः येऊन गोळ्या घेऊन गेल्या की."

"कसल्या गोळ्या?"

"नेहमीच्याच. डिगॉक्सिन."

मी ताडकन उभा राहिलो. "मुंबईच्या गोळीबद्दल काही बोलल्या?"

"त्या मुंबईला कधी गेल्या?" मी त्या गोळीचं नाव सांगताच डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अरे देवा! ती गोळी डिगॉक्सिनला शरीराबाहेर पडू देत नाही. दोन्ही द्यायच्याच असतील तर ही माझी गोळी निम्म्यावर आणावी लागते. त्यात म्हातारपणची मूत्रपिंडं. रोज साठत गेलं असणार."

तसाच इस्पितळात गेलो. "आजी, जुनी गोळी घेता का?" म्हातारीने आधी मुलाकडे पाहिलं. "नाय." मुलाला बाहेर काढलं आणि पुन्हा विचारलं.

"घेते रे बाबा. पूजा झाली की तीर्थाबरोबर. तेव्हा कोण बघत नाय."

"पण चोरून कशाला?"

"पोरगा रागावतो. आणि गावच्या डॉक्टरने इतकी वर्षं मला जपलं, त्याची गोळी टाकवत नाय. तुझं औषध सोडलं, मुंबईला गेले, हे कुठल्या तोंडानं सांगू? वाईट वाटलं असतं त्याला."

"आणि इकडे सुनेवर आळ आला, तरी गप्प?"

"औषधानं कधी विष चढतं होय?" तिने इतक्या भोळेपणाने विचारलं की माझा राग जागीच जिरला.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे तर ती सुनेला तुरुंगाच्या दारापर्यंत घेऊन गेली होती. पुढे खलबत्त्याचाही अहवाल आला, रातांब्याशिवाय त्यात काही नव्हतं. गुन्हा घडलाच नाही, असा अहवाल मी पाठवला. त्यानंतर कुणी काय खाल्लं हे विचारताना, कुणापासून लपवून खाल्लं हेही मी विचारू लागलो.

म्हातारी वाचली. तिला घरी सोडायच्या दिवशी मी गेलो, तेव्हा सून पेज भरवायला बसत होती. तिने चमचा भरला आणि सगळ्यांदेखत आधी स्वतःच्या तोंडात घातला. मग दुसरा भरून सासूपुढे धरला. कुणीही तिला तसं सांगितलं नव्हतं. नवरा मान खाली घालून उभा राहिला. म्हातारीला रडू फुटलं. "असं नको गो करूस."

"राहू दे आई. बरं असतं," सून म्हणाली आणि पुढचा चमचाही आधी तिनेच चाखला.

पुढे कितीदा तरी त्या रस्त्याने गेलो. आत जाऊन विचारावं वाटायचं, अजून चाखूनच वाढतेस का? माझा धीर झाला नाही.