मोफत अभ्यास आणि वहिनीची सातवी

दुसऱ्याचं पत्रक हातात आलं की मी आधी खालची ओळ वाचतो. वर मोठ्या टायपात लिहिलेलं कुणीही वाचतं. पत्रक कुणी छापलं, कशासाठी छापलं, ते खाली बारीक अक्षरात असतं. सतराव्या वर्षापासून मी पत्रकं लिहितो आणि वाटतो. हुंड्यावर लिहिली, बुवांवर लिहिली, अंगात येणाऱ्यांवर लिहिली. म्हणून कोराडीच्या क्वार्टरमध्ये वहिनीनं ते निळं पत्रक माझ्यापुढं धरलं तेव्हा माझी नजर थेट खाली गेली. तिनं मात्र वरचं वाचलं होतं. एकेक अक्षर लावत, पण वाचलं होतं.

"भाऊजी, हे लोकं घरी येऊन अभ्यास करून देतात म्हने. फुकट. शिक्षणाची अट नाई."

"कशाचा अभ्यास?"

"कशाचा म्हंजे? अभ्यासाचा!"

आमच्याकडं अभ्यास म्हणजे शाळेचा. लेकरानं अभ्यास केला का, मास्तरानं अभ्यास दिला का, एवढाच त्या शब्दाचा उपयोग. बायबलचा अभ्यास, गीतेचा अभ्यास ही शिकलेल्या लोकांची बोली. पत्रकात खाली 'बायबल' हा शब्द होता, पण तिथवर पोचायच्या आधीच वहिनीला जे हवं ते मिळालं होतं.

तिला हवी होती सातवी. चौथी झाली आणि तिचं लग्न लागलं. वीज केंद्र सुरू झालं तसा दादा तिथं लागला, क्वार्टर मिळालं. माझं कॉलेज नागपुरात असल्यामुळं मीही त्यांच्याकडंच राहायला आलो. कॉलनीत बालवाडी निघणार होती आणि महिला मंडळानं सांगितलं होतं, बाई कॉलनीतलीच घेऊ, पण सातवी पास पाहिजे. बाहेरून परीक्षेला बसता येत होतं. वहिनीनं शेजारच्या मुलीची जुनी पुस्तकं आणून ठेवली होती. त्यातलं गणिताचं पुस्तक घेऊन ती दोनदा माझ्याकडं आली. दोन्ही वेळा मी म्हणालो, रविवारी बसू. रविवारी मी सक्करदऱ्याला आमच्या संघटनेच्या बैठकीला गेलो. हे आत्ताच लिहून टाकतो, मागून कुणी काढायला नको.

पत्रकाला जोडलेल्या कार्डावर पत्ता लिहून तिनं ते टपालात टाकलं आणि पंधरा दिवसांनी, पोळ्याच्या आसपास, दोन बाया आल्या. एक साठीची, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. दुसरी तरुण, ती फारसं बोलायची नाही. वहिनीनं चटई टाकली, सातवीची पाच पुस्तकं ओळीनं मांडली आणि पेन्सिलला टोक काढून बसली. मोठ्या बाईंनी पिशवीतून एक लाल पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं.

वहिनी म्हणाली, "हे सातवीचंच होय का? आमचं तर येगळं हाये."

"बहीण, हा बायबलचा अभ्यास आहे."

वहिनी म्हणाली, "असू द्या. पहिले गणित घेऊ, मग तुमचं घेऊ."

मी आतल्या खोलीत होतो, मोठ्यानं हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गणिताचं पुस्तक उघडलं, चार पानं उलटली आणि खरं ते सांगितलं. "मला हे येत नाही हो. पण वाचन घेईन तुमचं. माझ्या पुस्तकातून घेईन, चालेल?"

वहिनीला चाललं. मंगळवारी आणि शनिवारी, दुपारी अडीचला.

मला चाललं नाही. आमच्या बापानं छप्पन साली धर्म बदलला तो विचार करून बदलला. आता घरात येऊन चटईवर बसून कुणी तो पुन्हा बदलू पाहत असेल तर मी गप्प बसणार नव्हतो. माझं पुढचं पत्रक ठरलं. मथळा एकच शब्द: 'मोफत?' त्यासाठी पुरावा पाहिजे होता. शनिवारी मला कॉलेज नसायचं. वही घेऊन मी दारातच बसू लागलो.

"बाई, हे पुस्तक कितीचं?"

"मोफत आहे."

"छापायला पैसे लागले असतील ना?"

"लागले. लोक आपल्या मनानं देतात."

"नाही दिले तर?"

"तर नाही दिले."

"मग बदल्यात काय पाहिजे तुम्हाला?"

"बदल्यात काही नको. तुम्हीसुद्धा पत्रकं वाटता म्हणे. तुम्ही काय घेता?"

"आम्ही काही घेत नाही. लोकांना जागं करतो."

"आम्हीही तेच म्हणतो," बाई म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

दादा पहिल्या पाळीवरून नुकताच आला होता. कॉलरमधली राख झटकता झटकता म्हणाला, "घे गा! तुले बराबर जोडीची भेटली."

चिडून मी त्यांची रविवारची सभा बघायला गेलो. नंदनवनच्या बाजूला भाड्याचा हॉल होता. ताट फिरवतात का, झोळी फिरवतात का, हेच बघायचं होतं. काहीच फिरलं नाही. दाराजवळ एक लाकडी पेटी होती आणि कोण टाकतो, कोण नाही, याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी वहीत लिहिलं, 'पेटी आहे. सक्ती नाही.' परतीच्या बसमध्ये डोकं तापलं होतं. पत्रकाचा अर्धा भाग मी घरातूनच लिहून गेलो होतो आणि तो सगळा झोळीवर होता.

मग मी शिकवण्याच्या पद्धतीवर नजर ठेवली. त्या लाल पुस्तकात प्रत्येक परिच्छेदाला आकडा होता आणि पानाच्या तळाशी त्याच आकड्याचा प्रश्न. परिच्छेद वाचायचा, प्रश्न वाचायचा, उत्तर परिच्छेदात शोधून त्याखाली रेघ मारायची, मग आपल्या शब्दांत सांगायचं. ज्याचं उत्तर परिच्छेदात नाही असा प्रश्नच तिथं नव्हता. मी वहिनीला म्हणालो, "हा अभ्यास नाही. हे आधी उत्तर ठरवून मग प्रश्न विचारणं आहे."

"सातवीच्या पेपरात बी असंच असते. उतारा वाचा अन् उत्तरं लिवा. धा मार्काले."

हे मी वहीत लिहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिला येत चाललं होतं. दिवाळीपर्यंत ती चालत्या बसची पाटी वाचायला लागली. एकदा धड्यात प्रश्न आला, जगात दुःख का आहे? तिनं बरोबर वाक्याखाली रेघ मारली, आपल्या शब्दांत सांगितलं आणि वर म्हणाली, "पुस्तकात असं हाये. आमच्यात तृष्णेनं होते म्हनतात."

बाई म्हणाल्या, "खरं काय ते हळूहळू कळेल तुम्हाला."

मी ते वाक्य तारीख घालून टिपलं. वहिनीनं ऐकून सोडून दिलं.

माघातली पौर्णिमा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पौर्णिमेला कॉलनीतल्या बाया बुद्धवंदनेला जमायच्या आणि मग खिरीची पंगत व्हायची. वहिनीनं एक वाटी बाईंसाठी झाकून ठेवली होती. ती पुढं केली. बाईंनी विचारलं, "कालच्या कार्यक्रमातली का?" वहिनी हो म्हणाली. बाईंनी वाटी हलकेच बाजूला सारली. "मग मला नको, बहीण."

वहिनीचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा मी तिच्यावर कधी पाहिला नव्हता, पण माझ्या आईच्या तोंडून तो ऐकलेला होता. विहिरीवर, दुकानात, शाळेच्या दारात.

"काहून?" वहिनी म्हणाली. "माह्या हातची नाई चालत?"

बाई अगदी घाबरल्या. "अहो, तसं नाही! सहा महिने चहा घेते मी तुमच्या हातचा. हे दुसऱ्या देवापुढं ठेवलेलं असतं, ते आम्हाला चालत नाही."

"आमच्यात देव नाई. नैवद्य नाई. पंगतीची खीर हाये बाप्पा ते!"

तरुण बाई पहिल्यांदाच काही बोलली. "ताई, घ्या ना चमचाभर." मोठ्या बाईंनी मान हलवली. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि शांतपणे सांगितलं. सहा महिने झाले. आता ठरवायची वेळ आली. रविवारच्या सभेला नेमानं यायचं, शिकलेलं दुसऱ्याच्या दारी जाऊन सांगायचं आणि ही वंदना, या पौर्णिमा सोडायच्या. दोन्ही बरोबर होत नाही.

"आन् नाई सोडलं तर?"

"तर माझं येणं थांबेल. वाट बघणारी दुसरी घरं आहेत. माझं वय झालं, मला किती घरी जाता येणार?"

"परीक्षेले दोन महिने हायेत, बाई."

"माहीत आहे मला."

वहिनीनं पदर खोचला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "मी शिकाले बसली होती. धरम आमच्या सासऱ्यानं एक डाव बदलला. आमाले पुरला तो."

बाई उठल्या. लाल पुस्तक पिशवीत घालू लागलेल्या तरुण बाईंना त्यांनी थांबवलं. "राहू दे. ते तिचं आहे." दारात त्यांनी वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला. वहिनीनं ठेवू दिला. मग दोघी बस स्टॉपकडं गेल्या.

मला आनंद झाला. लपवत नाही. पाच महिने शोधत होतो तो पुरावा माझ्याच चटईवर येऊन पडला होता. किंमत पेटीत नव्हती, ती शेवटी सांगितली जात होती. गिऱ्हाईक अर्ध्या वाटेवर आलं की सांगितली जात होती. त्याच संध्याकाळी मी पत्रक पुरं केलं आणि स्वयंपाक करणाऱ्या वहिनीला वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, 'या लोकांना आमच्या हातची खीरही चालत नाही.'

"हे काटा," ती म्हणाली.

"खरं आहे ते."

"खरं नाई. वाचनाराले वाटन का विटाळ धरला. तिनं विटाळ नाई धरला. मले एक घडी वाटलं, ते माह्यं चुकलं. काटा."

"बरं, काढतो. पण मोफत नव्हतं हे तर खरं ना? तुला फसवलंच त्यांनी."

तिनं भाकर तव्यावर टाकली. "मी काय देल्लं त्यायले? चहा देल्ला. मले वाचाले येते आता. फुकट मले नाई भेटलं भाऊजी, फुकट त्या बाईचं गेलं. सहा महिने आली बिचारी उन्हातान्हात, अन् हाती काय लागलं तिच्या?"

"तिनं पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"हव. ते सांगाले पायजे होतं." एवढं तिनं मान्य केलं. आणि मग भाकर उलटत विचारलं, "ते तर गेली. आता गणित कोन शिकवन मले? तुमी का तुमचं पत्रक?"

दादा जेवायला बसला होता. तो माझ्याकडं बघत होता. जेवत नव्हता, नुसता बघत होता.

पत्रक तेव्हा छापलं गेलं नाही. वहिनीनं बजावलं, माझी परीक्षा होऊ द्या, नापास झाली तर लोक म्हणतील बाईनं सोडलं म्हणून झाली, पास झाली तर म्हणतील बाईमुळं झाली, दोन्हीत तुमचा काही उपयोग नाही. मी सक्करदऱ्याच्या सोबत्यांना निरोप दिला की दोन महिने येत नाही. कारण विचारलं तेव्हा 'अपूर्णांक' असं सांगितलं. त्यांना वाटलं मीच नापास झालो.

मी वाईट शिक्षक आहे. भाषण करतो तसं शिकवतो. तिसऱ्याच दिवशी ओरडलो, तेव्हा वहिनी पाटी खाली ठेवून म्हणाली, "ओरडू नका. ते बाई कदी ओरडली नाई." व्यवहारी अपूर्णांक तिला येईनात. तेव्हा दादानं एक भाकर ताटात घेऊन तिचे चार तुकडे केले, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन केले. ते तिला लगेच कळलं. माझं दहा दिवसांचं पाटीवरचं शिकवणं एका भाकरीत आटपलं.

परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल आला. मराठीत एकाहत्तर. गणितात अडतीस. दादानं गुणपत्रक दोन्ही हातांत धरून माझ्याकडं पाहिलं. "मराठी कोनाचं अन् गणित कोनाचं, हे तर दिसूनच राह्यलं गा."

आता याला चार वर्षं झाली. मी माझ्या म्हणण्यावरून हललेलो नाही. कोणत्याही धर्माच्या लोकांनी पुस्तक द्यावं, घरी यावं, शिकवावं. पण शेवटी काय मागणार ते वर मोठ्या टायपात छापावं, 'मोफत' या शब्दाच्या शेजारी, तेवढ्याच उंचीच्या अक्षरात. तेवढं छापत नाहीत तोवर मी ते मोफत मानणार नाही. लाल पुस्तक घरात आहे. मी दोनदा रद्दीत टाकलं, दोनदा वहिनीनं काढलं.

निकालाच्या दिवशी दुपारीच तिनं बालवाडीचा अर्ज लिहायला घेतला. आखीव कागदावर, शाईनं. मी म्हणालो, "आण इकडं, शुद्धलेखन बघतो."

"नको," ती म्हणाली, आणि कागदावर हात आडवा धरून लिहीत राहिली.