मार्गारेटच्या हार्पची वही

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला. बोलता येई, पण घोगरं; वरच्या सुराला गेलं की नुसती हवा. अमेरिकेत रेडमंडला आल्यापासून दर गुरुवारी आमच्या घरी दत्ताची भजनं होत आणि सुरुवात मी करत असे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, टाळ तरी धर, पण बस आमच्यात." मी गुरुवारच कॅन्सल केले. महाराजांना मनात म्हटलं, तुमच्याशी बोलायचं एकच साधन होतं माझ्याकडे, तेच काढून घेतलंत. आता मी काही मागणार नाही. तो अबोला मी वर्षभर पाळला. लिहितानाही लाज वाटते.

एका शनिवारी लेकीची पुस्तकं परत करायला लायब्ररीत गेले. पाऊस थांबेना, म्हणून आत रेंगाळले. तिथे ऐंशीच्या घरातल्या एक बाई छोटे हार्प मांडून बसल्या होत्या. आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोकसंगीतातले, मांडीवर मावतील एवढे. त्यांचं नाव मार्गारेट. त्यांनी एक पातळ फळी माझ्या हातात दिली. आपल्या तंबोऱ्याला असते तशी ही हार्पची तबली.

"कानाशी धर आणि टकटक कर. काय ऐकू येतं?"

"मध्ये खर्ज आहे," मी म्हटलं, "पण या कडेला सूर चढतो."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "ती कड अजून जाड आहे. रंधा मारायचा राहिलाय. हे ऐकू यायला लोकांना वर्ष लागतं." मग आपले थरथरणारे हात टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आयुष्यभर हार्प बनवले, एक माप लिहून ठेवलं नाही. सगळं या हातांत होतं. तू लिहून घेशील?"

दर शनिवारी मी त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊ लागले. त्या डोळे मिटून चिमटीत फळी धरत आणि जाडी सांगत. मी मोजून बघे, केसाचाही फरक नसे. बारीक तारांकडे तबली किती पातळ, जाड तारांकडे किती भक्कम, लाकूड चिकटवायचा सरस कोणत्या हवेत लावायचा, सगळं मी वहीत उतरवलं. त्या म्हणत, "तारांच्या ओढीनं तबली वर्षानुवर्षं थोडी थोडी फुगते. फुगू द्यायची. फार ताठ बांधलेला हार्प टिकतो, पण गात नाही."

मग त्यांच्या देखरेखीखाली मी स्वतः एक हार्प बनवला. नव्या तारा रोज सुरातून उतरत. मी वैतागले, तर म्हणाल्या, "ओढ अंगवळणी पडेपर्यंत उतरणारच. तू रोज लावत राहा." एका दुपारी घरी खुंटी पिळताना तारेला सूर द्यायला माझ्याही नकळत माझ्या तोंडून 'सा' निघाला. खालच्या पट्टीतला, खरखरीत, पण स्थिर. लेक धावत आली. "आई, यू आर सिंगिंग!" मी हार्पवर डोकं टेकून रडले.

दीड वर्षानं वही पूर्ण झाली. तिच्या प्रतीवरून दूरच्या नोव्हाय गावातल्या एका इंजिनिअर बाईनं, मार्गारेटना कधीही न भेटता, हार्प बनवला आणि फोनवर वाजवून दाखवला. मार्गारेट फोन कानाशी धरून ऐकत होत्या. "माझाच आहे," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. आवाज, राग, अबोला. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"दोन वर्षं मी रोज प्रार्थनेत एकच मागत होते, की ऐकू येणारं कुणी तरी पाठव. शेवटी दमले. त्या दिवशी लायब्ररीत ठरवून बसले होते, की आज कुणी आलं नाही तर हत्यारं विकून टाकायची."

मी रुसून तोंड फिरवून बसले होते आणि त्यानं, मला न विचारता, दुसऱ्या कुणाच्या मागण्याचं उत्तर म्हणून मलाच पाठवलं होतं. हा योगायोग असेल. मी वाद घालत नाही. पण तेव्हापासून मागणं कमी झालंय. त्यानं पाठवावं, आपण जावं. कशासाठी ते पोचल्यावर कळतं.