चाकूरहून थीम पार्कला: रुचाची व्हीलचेअर आणि ते झुलणारं जहाज

तीन वर्षांपूर्वी नांदेडच्या एका आनंदमेळ्यात पाळणेवाल्यानं माझ्या मुलीला परत पाठवलं होतं. चुलत भावंडं वर फिरत होती आणि रुचा खाली त्यांच्या चपला सांभाळत बसली होती. यंदा दिवाळीच्या सुट्टीत तिनं मोबाईलवर हैदराबादजवळच्या थीम पार्कमधलं झुलणारं मोठं जहाज दाखवलं. "आई, मला यात बसायचंय."

रुचा अकरा वर्षांची. जन्मापासून पायांत बळ नाही, पण हात मात्र पक्के. लातूरच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तपासलं आणि चिठ्ठीच लिहून दिली: मान, पाठ, पकड चांगली, बसायला हरकत नाही.

खरी कसरत मुक्कामाची झाली. पार्कमधलं हॉटेल सुंदर, पण खिशाबाहेरचं. शहरात नातेवाईक आहेत, तर घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. गेटजवळच्या लॉजवाल्यानं "रॅम्प आहे" असं छातीठोक सांगितलं. फोटो मागवला तर तीन पायऱ्यांवर टाकलेली फळी! शेवटी हायवेवरच्या एका साध्या गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी व्हिडिओ कॉल सुरू ठेवून बाथरूमचा दरवाजा टेपनं मोजला. "अट्ठाईस इंच, अम्मा. बस?" आमची खुर्ची चोवीस इंचांची. तळमजला, बावीसशे रुपये खोली. मी तिथंच बुकिंग केलं. तुमच्या घरात कुणी खुर्चीवर असेल तर एवढंच सांगते: शब्दावर जाऊ नका, मोजून घ्या.

सकाळी सहाला निघालो. मी, नवरा सुनील, रुचा आणि सासूबाई. उदगीरपर्यंत रस्त्यानं थोडी हाडं खिळखिळी केली, बीदरच्या पुढे गाडी पळू लागली. झहीराबादला इडली खाल्ली. सासूबाईंना चटणी झोंबली. "लई तिखट हाय बाई," म्हणत त्यांनी आणखी दोन मागवल्या. दुपारी बाराला मुक्कामी. रुचा स्वतः खुर्ची ढकलत थेट बाथरूममध्ये गेली आणि आतून ओरडली, "कुणी येऊ नका! मी एकटी येईन!"

दुसऱ्या दिवशी गेट उघडताच आत शिरलो. जहाजासमोर रांग नव्हती, पण तिथल्या कर्मचाऱ्यानं खुर्ची पाहिली आणि हात आडवा केला. "ये नहीं बैठ सकती."

सुनील पुढे सरकला, तेवढ्यात रुचानंच त्याला थांबवलं. "पप्पा, मी बोलते." आणि त्या माणसाला म्हणाली, "भैया, बोर्ड पर क्या लिखा है? हाइट और पकड़. दोनों देख लो."

त्यानं सुपरवायझर बाईंना बोलावलं. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, पुढ्यातला लोखंडी दांडा रुचाला घट्ट धरायला लावला आणि स्वतः ओढून पाहिला. सुटला नाही. मग सुनीलनं तिच्या काखांत हात घालून तिला उंचीच्या पट्टीला लावलं. डोकं रेघेच्या चांगलं चार बोटं वर!

"बीच वाली सीट, पापा के साथ," बाई हसून म्हणाल्या.

जहाज हललं. मी आणि सासूबाई खाली उभ्या. पहिल्या झोक्याला रुचाचे डोळे मिटलेले, दुसऱ्याला उघडे, तिसऱ्याला ती असं किंचाळली की शेजारच्या पाळण्याच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. सुनीलनं मात्र डोळे गच्च मिटले होते. सासूबाई कठड्याला धरून ओरडत होत्या, "आवं बघा, माझी नात हाय ती! माझी नात!"

ती तीनदा बसली. शेवटच्या वेळी त्या कर्मचाऱ्यानंच तिचा दांडा लावून दिला आणि विचारलं, "और एक बार?"

घरी येऊन आठवडा झाला. फोटो गल्लीभर फिरले, सासूबाईंच्या बोलण्यात ते जहाज रोज थोडं उंच होत जातं. माझ्यापाशी राहिली ती परतल्या रात्रीची गोष्ट. दांडा धरून रुचाचे तळवे लाल झाले होते, बोटं आखडली होती. मी तेल घेऊन मालिशला बसले, तर तिनं हात मागे घेतले.

"राहू दे, आई. अजून थोडं दुखू दे."