खोडलेला ‘सौ.’

त्या प्रकरणातलं बाकी सगळं पुसट झालं, तरी एक अक्षर आजही डोळ्यांपुढे येतं. निळ्या शाईने आडवं खोडलेलं, पुढच्या टिंबासकट.

नाशिकरोड भागातल्या एका ठाण्यात मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. एका खासगी शिक्षणसंस्थेच्या ग्रंथपाल बाई समोर येऊन बसल्या. पन्नाशीच्या आसपासचं वय, मांडीवर प्लास्टिकची फाइल.

“साहेब, मी राजीनामा दिलेला नाही,” त्या म्हणाल्या. “पण तो मंजूर झालाय.”

चोराने मालकाची सायकल नेली, बैल नेला, एकदा तर दाराची चौकट नेली, हे मी पाहिलं होतं. मालकिणीच्या वतीने नोकरी सोडणारा चोर पहिल्यांदाच ऐकत होतो. मला हसू आलं आणि मी ते मिशीत दाबलं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

फाइलमध्ये ईमेलची छापील प्रत होती. बाईंच्याच पत्त्यावरून प्राचार्यांना गेलेला मेल. कौटुंबिक कारणास्तव राजीनामा देत आहे, एवढंच एक वाक्य आणि खाली नाव. बाईंचे यजमान चार महिन्यांपूर्वी वारले होते.

ठाणे अंमलदार हवालदाराने अर्ज लिहून घेतला. मी वडीलकीच्या सुरात म्हणालो, “बाई, दुःखात माणसाच्या हातून काहीतरी होऊन जातं. प्राचार्यांना भेटा, राजीनामा मागे घ्या.”

त्या उठल्या नाहीत. “नोकरीचं बघता येईल, साहेब. पण सगळे म्हणतात, हिनेच पाठवला आणि आता आठवत नाही. काल माझी मुलगी म्हणाली, ‘आई, नक्की ना?’ तेव्हापासून मीच स्वतःला विचारतेय, नक्की ना?”

मी अर्ज चौकशीवर घेतला.

संस्थेचे कार्यालय अधीक्षक बोलावल्याबरोबर आले. इस्त्रीचा शर्ट, मधाळ बोलणं.

“मेल त्यांच्याच पत्त्यावरून आलाय ना? मग विषय संपला.”

“त्यांच्या पाठवलेल्या मेलमध्ये तो दिसत नाही.”

“पुसला असेल. यजमान गेल्यापासून बाईंचं जरा असं झालंय,” त्यांनी कानाजवळ बोट फिरवलं. “आम्हाला वाईट वाटतंच की. बाकी त्या कॉम्प्युटरमधलं मला विचारू नका, मला माउससुद्धा धड धरता येत नाही.”

दुपारी टपाल बघताना टेबलावर दोन कागद शेजारी पडले, बाईंचा अर्ज आणि तो मेल. अर्जात हवालदाराने सवयीने ‘सौ.’ लिहिलं होतं. बाईंनी सही करण्यापूर्वी ते खोडून वर बारीक अक्षरात ‘श्रीमती’ लिहिलं होतं आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली होती. मेलच्या शेवटी मात्र नावाआधी ठसठशीत ‘सौ.’ होतं.

मी हवालदाराला हाक मारली. त्याने दोन्ही कागद पाहिले आणि मान खाली घातली.

“माझं चुकलंच, साहेब. त्यांनी ते माझ्यासमोरच खोडलं. ती बाई स्वतःहून हे कशाला लिहील?”

मी खुर्चीत सरळ बसलो. हे नाव बाईंनी लिहिलेलं नव्हतं. ज्याला त्यांच्या घरातला मृत्यू ठाऊक नव्हता, अशा कोणीतरी लिहिलं होतं. पण संस्थेतला झाडून प्रत्येक माणूस अंत्ययात्रेला आला होता.

उत्तर सायबर शाखेच्या उपनिरीक्षक मॅडमनी प्राचार्यांकडचा मूळ मेल तपासून दिलं. मला यंत्रातलं फार कळत नाही हे ओळखून त्यांनी विचारलं, “सर, तुम्ही बंदोबस्ताला असता तेव्हा पत्रावर ‘कृते पोलीस निरीक्षक’ म्हणून सही कोण करतं?”

“ठाणे अंमलदार.”

“म्हणजे पत्र तुमच्या नावाचं, हात त्याचा. मेलच्या पोटातही तशा दोन ओळी असतात. कोणाच्या नावाने गेला ही एक आणि खरं कोणी पाठवला ही दुसरी. फोनवर आणि छापील प्रतीवर पहिलीच दिसते. दुसरीत संस्थेचा प्रोग्रॅम आहे.”

संस्थेने रजेच्या अर्जांसाठी तो प्रोग्रॅम घेतला होता. अर्ज भरला की तो त्या कर्मचाऱ्याच्या वतीने प्राचार्यांना मेल करी. तशी परवानगी सगळ्यांनी एकदाच, न वाचता, एक बटण दाबून दिलेली. आणि नाव? ते जुन्या यादीतून आपोआप पडे. मृत्यू ठाऊक नव्हता तो यंत्राला.

कोणाच्याही नावाने अर्ज भरता येईल असा प्रोग्रॅमचा मुख्य पासवर्ड दोघांकडे होता, अधीक्षक आणि ऑपरेटर. ऑपरेटर ओझरकडचा, दोन लेकरांचा बाप. ठाण्यात आला तोच घामाघूम होऊन.

“म्या नाय केलं, साहेब. बाईंनी माझ्या पोरीला वाचायची गोडी लावली. मी आसं करंल का?”

“मग कोणी केलं?”

वरिष्ठाचं नाव घ्यायला त्याची जीभ उचलत नव्हती. ती भीती मी आमच्या खात्यातही पुष्कळ पाहिली आहे.

दुसऱ्या दिवशी पंचांना घेऊन मी संस्थेत गेलो. ऑपरेटरला संगणकासमोर बसवलं, अधीक्षकांना मानाने शेजारी खुर्ची दिली. मी म्हणालो, “या प्रोग्रॅममधला राजीनाम्याचा नमुना उघडून दाखवा.” ऑपरेटर रजेच्या पानावर शोधू लागला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मी मुद्दाम जांभई दिली, घड्याळ पाहिलं.

“अरे, तिथे काय शोधतोस?” अधीक्षक वैतागून म्हणाले. “‘इतर’मध्ये जा. सगळ्यात खाली.”

तो नमुना सगळ्यात खालीच होता. आणि आजवर एकदाच वापरलेला.

मी हळूच म्हणालो, “माउस धरता येत नाही, पण वाट पाठ आहे.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. एका विश्वस्ताच्या भाचीसाठी जागा हवी होती. नोकरी सोडायला बाई दोनदा नाही म्हणाल्या होत्या.

“चार महिने कोणाशी धड बोलत नव्हत्या,” ते म्हणाले. “वाटलं, त्यांचं कोण ऐकणार.”

सर्वांत जास्त ते वाक्य मला लागलं. कारण त्यांचा अंदाज जवळपास बरोबर होता. पहिल्या दिवशी मीही ऐकलं नव्हतं.

गुन्हा दाखल झाला, पुढे दोषारोपपत्र गेलं. बाई पुन्हा रुजू झाल्या. दुसऱ्याच्या नावाने बोलायची सोय आपण यंत्राला दिली, त्याला माझी हरकत नाही. पण दुःखात गप्प झालेल्या माणसाच्या वतीने बोलायला आपण सगळेच फार लवकर पुढे सरसावतो. अधीक्षकांनी बटण दाबून ते केलं, मी उपदेश करून.

पुरवणी जबाबासाठी बाई आल्या तेव्हा मुलगी सोबत होती, आईचा हात धरून. हवालदार या वेळी सावध होता. पेन उचलून त्याने आधीच विचारलं, “ताई, नावाआधी काय लिहू?”

“काही नको,” बाई म्हणाल्या. “नुसतं नाव लिहा. ते माझंच आहे.”