वारुळाचा पत्ता

मला रिकामा रकाना बघवत नाही. कुणाच्या फॉर्ममध्ये एखादी चौकट कोरी दिसली की हात शिवशिवतात. त्यामुळे गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्या भरून सरकारी संकेतस्थळावर चढवायचं कंत्राटी काम मिळालं, तेव्हा मी बावधनच्या आमच्या मजल्यावर पेढे वाटले. कुठल्या गावात कोणती झाडं, कंद, मासे, पाखरं आहेत, लोक ती कशाला वापरतात, हे सगळं त्या वहीत लिहायचं आणि राज्यातल्या कुणालाही घरबसल्या वाचता येईल असं करायचं. सरकारी माहिती कपाटात कुजते याचा मला भारी राग. एका साध्या नकाशाच्या प्रतीसाठी वडिलांना कचेरीचे उंबरठे झिजवताना मी पाहिलं होतं. आपल्या हाती आलं तर सगळं सताड उघडं करायचं, हे तेव्हाच ठरलेलं.

ताम्हिणीच्या वाटेवरच्या एका डोंगरवाडीत मला मावशी भेटल्या. पन्नाशीच्या, काटक, बोलायला फटकळ. श्रावणात त्या रानातली अळंबी काढून घाटरस्त्यावर पानांवर वाटे मांडून विकायच्या. भातलावणी उरकली की वाडीत मजुरी नसते. त्या दहा-पंधरा दिवसांच्या विक्रीवर त्यांचं घर दिवाळीपर्यंत तगायचं. ही अळंबी लावता येत नाही, ठरावीक वारुळांवर दरवर्षी आपली आपण उगवते. म्हणून प्रत्येक बाईचं वारूळ हे तिचं गुपित.

मी चार फेऱ्या मारल्या, चारही वेळा त्यांच्या हातची भाकरी खाल्ली. पाचव्या फेरीला त्या आपणहून म्हणाल्या, "चल पोरी, दावते. लिवायलाच बसलीस तर डोळ्यांनी बग तरी."

त्या सरळ निघाल्या नाहीत. पाटी घेतली नाही, भला मोठा वळसा घातला, आणि वाटेत कुणी भेटलं तर शेळी हुडकतोय म्हणून सांगायचं ठरलं. हा सगळा प्रकार मला गमतीचा वाटला. त्यातलं काही डोक्यात शिरलं नाही, एवढी माझी अक्कल. वारुळाभोवती पांढऱ्या छत्र्या दाटीवाटीने उभ्या होत्या. मावशींनी मोठ्या तेवढ्या खुडल्या, कळ्या ठेवल्या आणि जागेवर पालापाचोळा पसरला. त्या ओच्यात अळंबी भरत होत्या तेव्हा मी मोबाईल काढून लोकेशन टिपलं. 'ठिकाण' असा रकाना होता ना! परतताना मी स्वतःवरच खूश होते.

नोंदवही संकेतस्थळावर जाण्याआधी ग्रामसभेला दाखवावी लागते. हिवाळ्यात शाळेच्या वर्गात मी प्रोजेक्टर लावला. झाडं झाली, मासे झाले. मी खेकड्यांच्या चार जाती लिहिल्या होत्या, एका आजोबांनी भांडून त्या सात केल्या. सभा अशी रंगलेली असताना मी ऐटीत नकाशा लावला. हिरव्या डोंगरावर एक लाल ठिपका.

"आणि हे अळंबीचं वारूळ," मी म्हणाले.

मावशींच्या शेजारीणबाईंचं त्यांच्याशी नळावरून कायम वाजायचं. त्याच सगळ्यांत आधी उठल्या आणि भिंतीकडे पाठ करून बसल्या. मग दुसरी बाई वळली, मग तिसरी. बघता बघता वाडीतल्या सगळ्या बायका माझ्या नकाशाकडे पाठ फिरवून बसल्या. मला वाटलं, रुसल्या. मागच्या बाकावर मात्र प्लॉट विकणारा एक पाहुणा बसला होता. त्याने फोटोसाठी मोबाईल वर केला, तशा मावशी ताडकन उठल्या आणि प्रोजेक्टरच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. डोंगर, ओढे, ठिपका, सगळं त्यांच्या लुगड्यावर आलं. पाहुण्याला मिळाला तो फक्त मावशींचा फोटो, तोही रागावलेला.

"बंद कर त्ये," मावशी म्हणाल्या.

मी लॅपटॉप मिटला.

"मी तुला दावलं ते तुला दावलं. समद्या मुलखाला न्हाई. आयतवारी गाड्या थेट वारुळावर येत्याल. कळ्या बी ठिवायची न्हाईत ती लोकं. मंग आमी काय करायचं?"

घरी येऊन मी नोंदवहीच्या सूचना पहिल्यांदा नीट वाचल्या. शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की लोकांनी गोपनीय ठेवायला सांगितलेली माहिती वेगळी ठेवावी, प्रसिद्ध करू नये. जगाच्या चुका काढत हिंडणाऱ्या मी ते पान उलटलंच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी वाडीत गेले, मावशींसमोर मोबाईलमधून आणि लॅपटॉपमधून ती जागा पुसली, आणि बायकांनाच विचारलं की उघडं काय ठेवायचं. त्यांनी भराभर सांगितलं. अळंबी कधी येते ते लिव. विषारी कशी वळखायची त्ये मोठ्या अक्षरात लिव, लोकं मरायची न्हाईतर. भाजीत लसूण घालायचा की नाही यावर तासभर वादावादी झाली, शेवटी दोन्ही रीती लिहिल्या. ठिकाणाच्या जागी फक्त 'गावाच्या हद्दीत'. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, हा रकाना असा अर्धवट का? मी म्हणाले, असाच राहील. माझ्या तोंडून हे ऐकून साहेबांनी चष्मा काढून पुसला.

पण एक भीती माझ्या मनातून जाईना. दुसरीचं वारूळ दिसू नये म्हणून बायकांनी पाठी फिरवल्या, पण त्याआधीच तो ठिपका कुणीतरी पाहिला असेल तर? मावशींचं वारूळ माझ्यापायी गेलं तर?

पुढच्या श्रावणात संकेतस्थळावर वाडीचं पान प्रसिद्ध झालं, ते दाखवायला मी गेले तर मावशी तापाने फणफणत घोंगडीत पडलेल्या. लेक चांद्याला सासरी, घरात दुसरं कुणी नाही.

"परवा आबाळ कडाडलं, म्हंजी अळंबी फुटली आसनार," त्या तळमळत होत्या. "आज न्हाई काढली तर किडं पडत्याल."

"मी जाऊन आणू?"

"तू? तूच हरवशील."

तेवढ्यात शेजारीणबाई आत आल्या. डोक्यावर पानांनी झाकलेली पाटी. ती त्यांनी मावशींच्या उशाशी ठेवली. आत पांढरीशुभ्र अळंबी, काठोकाठ.

"कुटनं आनलीस?" मावशींनी विचारलं.

"तुज्या वारुळावरनं. कळ्या ठिवल्यात."

मावशी उठून बसल्या. "तुला कसं ठाव? त्या नकाशात बघितलंस व्हय?"

मी हातातला मोबाईल पालथा ठेवला.

"नकाशा कशाला पायजे?" शेजारीणबाई म्हणाल्या. "नवी नवरी हुते तवाच दिसलं, लाकडं आनाय गेले हुते. लई वर्सं झाली. पर तुजं हाय न्हवं ते."

मला हसूही आलं आणि रडूही. इतकी वर्षं जागा ठाऊक असून ही बाई तिकडे फिरकली नव्हती, आणि सभेत सगळ्यांत आधी पाठ फिरवणारीही तीच. मावशींनी पानं बाजूला सारून अळंबी वरखाली करून पाहिली. मग हळूच शेजारणीकडे झुकल्या.

"जाताना कुनी बघितलं न्हाई न्हवं तुला?"

"मी काय खुळी हाय व्हय?" म्हणत शेजारीणबाई मावशींच्याच चुलीवर चहा ठेवायला वळल्या.